टिटवीचं वजन

चौथ्यांदा टिटवी आपटली तेव्हा मी रडले वगैरे अजिबात नाही. सरळ सानवीवर ओरडले.

सकाळचे आठ वाजले होते. गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, वाडीतली मुलं जिथे क्रिकेटच्या टुर्नामेंट भरवतात तिथे आम्ही आणि आमचे सर उभे होतो. अक्षयाताईच्या ड्रोनने साठ मीटरवरून टिटवीला सोडलं आणि पहिले दोन सेकंद ती इतकी झकास निघाली की मी टाळी वाजवायला हात वर केले होते. मग तिचं नाक वर जायला लागलं. वर, अजून वर, इतकं वर की ती हवेत जागच्या जागी थांबल्यासारखी झाली आणि बदकन खाली आली. सावरली. परत नाक वर. परत खाली. तिसऱ्या वेळी सावरायच्या आत जमीन आली. शेपूट मोडून मिडविकेटला, पोटातली पेटी उघडून पॉइंटला, आणि पेटीतले मोड आलेले भाताचे चाळीस दाणे सगळ्या पिचभर. पेरणीच झाली.

टिटवी म्हणजे आमचं विमान. सव्वा मीटर लांब, आखूड पंख, थर्मोकोलचं अंग आणि वर फायबरची पातळ कातडी. अंतराळात जाऊन परत येणारी, आत माणूस नसलेली विमानं असतात ना, तसलं. खरी विमानं रॉकेटवर बसून वर जातात, पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर महिनोन् महिने घिरट्या घालतात, पोटाचं दार उघडून बियांवर, धातूंवर प्रयोग करतात आणि मग शहाण्यासारखी धावपट्टीवर येऊन उतरतात. धुतली-पुसली की परत वर जायला तयार. आपल्या इस्रोनेही चित्रदुर्गजवळ असं पंखांचं यान हेलिकॉप्टरमधून सोडून उतरवून बघितलंय, आणि एकदा उतरलेलंच अंग पुढच्या वेळी परत वापरलंय. आम्ही त्यातलं फक्त शेवटचं पान करत होतो. वरून सुटायचं, कुणी हात न लावता नीट उतरायचं आणि परत वर जायचं. आमच्याकडे हेलिकॉप्टर नव्हतं, पण अक्षयाताई होती. ती आंब्याच्या बागांवर ड्रोनने फवारणी करते. दहा लिटर औषध उचलणाऱ्या तिच्या ड्रोनला आमची टिटवी म्हणजे चिमणी. एवढ्या लांब सड्यावर यायचं कारण इतकंच, की रत्नागिरीत विमानतळ आहे आणि त्याच्या जवळपास ड्रोन उडवता येत नाही. नाहीतर भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवर उतरली असती ती, लोण्यावर उतरल्यासारखी.

नाव मीच ठेवलं. टिटवी सड्यावर उतरते ती थेट जमिनीवर, आणि उतरल्यावर चार पावलं तुरुतुरु पळते. आम्हाला हुबेहूब तेच हवं होतं. सानवीच्या आईचं म्हणणं, हा पक्षी ओरडणं चांगलं नसतं. सानवी म्हणाली, आमची टिटवी ओरडत नाही, ओरडणारी वेगळी आहे.

ती वेगळी म्हणजे मी.

हे सगळं राज्यातल्या शाळांच्या एका स्पर्धेसाठी चाललं होतं. नियम साधे होते. एकाच अंगाने पाच उड्डाणं करायची. मोडलं तर दुरुस्त करा, पण नवीन बनवायचं नाही. चार उड्डाणं शाळेच्या सरांसमोर, पाचवं बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर. पोटात मोड आलेले चाळीस दाणे ठेवायचे, वर गेल्यावर दार एकदा उघडून मिटायचं आणि उतरल्यावर किती मोड शाबूत राहिले ते मोजायचं. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचं वजन करून वहीत लिहायचं. दुरुस्तीच्या नावाखाली कुणी नवंच विमान उभं करू नये म्हणून वजन पहिल्यापेक्षा शंभराला पाचाहून जास्त वाढता कामा नये. ज्यांची पाचही उड्डाणं पूर्ण होतील त्यांना आठ दिवस पुण्याला, खऱ्या यानांवर काम करणाऱ्या इंजिनिअर लोकांबरोबर. मला त्या आठ दिवसांखेरीज जगात दुसरं काही नको होतं. आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायला घाबरायचे. नववीत भाटकर सरांनी मला गटप्रमुख केलं आणि तेव्हापासून माझा हात खाली म्हणून आला नाही. मला सगळं येतं असं मला वाटायला लागलं होतं. सगळी भानगड तिथेच झाली.

तर सानवी. तिने आउटफिल्डवर बसून लॅपटॉप उघडला. टिटवीचा मेंदू म्हणजे सानवीने लिहिलेला प्रोग्राम. नाक वर गेलं की शेपटीची पट्टी खाली करायची, नाक खाली गेलं की वर, एवढं त्याचं काम.

"पट्टी पूर्ण खाली होती," ती म्हणाली. "सुटल्यापासून. त्याच्याखाली जायला जागाच नाही."

"मग प्रोग्राम काहीतरी चुकीचं वाचतोय."

"अकरा वेळा बदललाय मी तो."

"मग बाराव्यांदा बदल. रविवारी परीक्षक येतायत, आज बुधवार आहे."

तिने लॅपटॉप मिटला. अगदी हळू मिटला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "तू गटप्रमुख आहेस संस्कृती, मुकादम नाहीस," म्हणाली आणि अक्षयाताईच्या टेम्पोत पुढे जाऊन बसली. परतीच्या वाटेवर अख्खा वेळ ती अक्षयाताईशी फवारणीच्या औषधांबद्दल बोलत होती. तिला आंबा आवडतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने माझ्या बाकावर पेन ड्राइव्ह ठेवला. प्रोग्राम यात आहे, रविवारी मी येत नाही. बस. मी पण म्हटलं, बरं.

संध्याकाळी मी टिटवी आणायला निलेशमामाकडे गेले. हा माझा सख्खा मामा. मिरकरवाड्याला जेटीच्या मागे त्याची शेड आहे. फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. त्याने हात लावलेली होडी दोन वर्षं तरी परत दुरुस्तीला येत नाही, असं बंदरावर सगळे म्हणतात, आणि हे तोही सांगतो. टिटवीची पहिली कातडी त्यानेच चढवली होती. मी शेजारी काटा घेऊन बसले होते, एकेक ग्रॅम मोजत. त्यानंतर मोडली की मी ती त्याच्याकडे टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी ती चकचकीत होऊन परत मिळायची. मोडलेलं कुठे होतं ते शोधूनही सापडायचं नाही. इतकं सुंदर काम.

त्या दिवशी शेडमध्ये शिरले तर टिटवी वाळायला टांगलेली होती. वाशाला दोरी, दोरीला टिटवीच्या पाठीवरचा हूक. तोच हूक, ज्याला धरून ड्रोन तिला उचलतो. तो आम्ही पहिल्या दिवशी बरोबर तोलाच्या जागी बसवला होता, टांगली की ती पाटासारखी सपाट राहील असा.

ती सपाट नव्हती. शेपूट खाली आणि नाक छपराकडे.

"बगलंस?" मामा हात पुसत आला. "आता कशी दिसते."

"मामा, ही अशी का लोंबकळतेय?"

"अशी म्हंजे कशी? नाळ वर, पिछाडी खाली. अशीच बसली पायजे." नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. "नाळ खाली गेली की पयल्याच लाटेत पाणी घेतलंन म्हणून समज. तुझी दर वेळी पिछाडीलाच मोडते, म्हणून तिथं मागच्या खेपेला दोन हात जादा मारलेले. आता तीन मारले. पोटाला येगळे. आता आपटू दे किती आपटते ती."

एक हात म्हणजे फायबरचा एक थर. मी मनात बेरीज करत होते आणि बेरीज थांबत नव्हती. शेडच्या कोपऱ्यात मासळीचा काटा होता. दोरी सोडली, टिटवी काट्यावर ठेवली. सोळाशे नव्वद ग्रॅम.

पहिल्या दिवशी ती बाराशे चाळीस होती.

मी मासळीच्या टबावर बसले. सगळं एकदम दिसायला लागलं, आणि दिसायला लागलं ते फार वाईट होतं. पहिल्या उड्डाणात पोटाला छोटी चीर गेली. मामाने ती भरली आणि होडीच्या शिरस्त्याने मागे जाड केली. म्हणून दुसऱ्या वेळी नाक थोडं वर गेलं आणि ती शेपटीवर आपटली. शेपूट मोडली म्हणून मामाने शेपूट आणखी जाड केली. म्हणून तिसऱ्या वेळी नाक आणखी वर. सानवीची पट्टी बिचारी पूर्ण खाली जाऊन एकटी ते सगळं वजन पेलायला बघत होती आणि मी तिला बाराव्यांदा बदल म्हणत होते.

आणि वही. वहीत वजनाच्या रकान्यात मी चारही वेळा १२४० लिहिलं होतं. पहिल्यांदा मोजून. नंतरच्या तिन्ही वेळा वरचं बघून. विमान तेच, वजन काय बदलणार, असा माझा विचार. विचार कसला, आळस.

"मामा, हे काढायला लागेल."

"काय काढायला?"

"वरचे थर. सगळे. रविवारच्या आत."

मामा ग्राइंडर उचलत होता, तो त्याने परत खाली ठेवला. "मी लावलेलं काढायचं."

"काम वाईट नाही रे. जड झालंय."

"जड म्हंजेच मजबूत."

"होडीला. होडीला खाली पाणी असतं धरून ठेवायला. हिच्याखाली काहीच नसतं मामा. नाक वर गेलं की हिला कुणी धरत नाही."

बाहेर कुणाची तरी होडी उलटी करून ठेवली होती, तो तिच्यापाशी गेला आणि तिचा तळ घासायला लागला. मग मागे न वळताच म्हणाला, "ने तर मग. घास तुझी तू."

टिटवी काखेत मारून मी तिथून चालत मांडवीला गेले, सानवीच्या घरी. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. दार सानवीने उघडलं आणि मी ठरवलेलं सगळं विसरून नुसतं सोळाशे नव्वद म्हटलं. तिने टिटवीकडे बघितलं, हूक दोन बोटांत धरला, उचलली. शेपूट खाली गेली. तिला काही समजवावं लागलं नाही. तेवढी ती हुशार आहे, म्हणून तर मला तिचा राग येतो.

"म्हणजे माझा तिसरा प्रोग्रामच बरोबर होता," ती म्हणाली.

"हो."

"नीट बोल."

"तुझा तिसरा प्रोग्राम बरोबर होता आणि मी गाढव आहे."

"दुसरं मी म्हटलं नव्हतं, पण चालेल." मग तिने विचारलं, "वहीत काय लिहिलंयस?"

मी सांगितलं. ती पायरीवर बसली. तिला वाटलं होतं मी दर वेळी मोजतेय. सगळ्यांना तेच वाटत होतं, कारण मी तशी वही घेऊन फिरत होते, कानाला पेन लावून.

"मी कुणाला सांगणार नाही," सानवी म्हणाली. "पण तू परीक्षकांना सांगितल्याशिवाय मी ड्रोनला हूक लावणार नाही. बघ बाबा तुझं तू."

बाबा म्हणाली, म्हणजे राग अर्धा उतरला होता.

त्या रात्री जेवणाआधी मी अंगणात बसून तासभर पॉलिश पेपर घासला. अकरा ग्रॅम उतरले. घालवायचे होते जवळजवळ चारशे. आणि अंगाला अशी खाज सुटली की मी ताटावर बसून दोन्ही हातांनी खाजवत होते आणि आई विचारत होती, उवा झाल्या का तुला.

सकाळी सहाला दारात मामा. एका हातात लहान ग्राइंडर, दुसऱ्या हातात खोबरेलाची बाटली.

"तेल लावून बसली व्हतीस काय? नाय ना. म्हणून खाजवतेस." माझ्याकडे न बघता त्याने ओटीवर कांबळं पसरलं. "फायबरची धूळ अंगात घुसते, बाय. आधी तेल, मग काम. आण इकडे."

शुक्रवारी शाळा होती म्हणून मी गेले, तो मात्र संध्याकाळपर्यंत बसला. शनिवारी आम्ही तिघं. तो थर उतरवायचा, सानवी दर दहा मिनिटांनी तोल बघायची, मी वजन करायचे. दर वेळी मोजून. मामा मध्ये मध्ये पुटपुटायचा, की एवढ्या पातळ कातडीत तो स्वतः भाजीसुद्धा गुंडाळणार नाही. एकदा थर्मोकोलपर्यंत गेला तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घासलं. शनिवारी संध्याकाळी टिटवी बाराशे शहाण्णववर आली. आमची मर्यादा होती तेराशे दोन. हुकाला टांगली, सपाट राहिली.

मध्ये शुक्रवारी भाटकर सरांनाही सांगून झालं होतं. ते चिडतील असं वाटलं होतं आणि चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली, चार पानांवरच्या चार सह्या बघितल्या आणि म्हणाले, "सही तर माझी आहे गं. मी तरी कुठे काटा बघितला?" मग म्हणाले, रविवारी तूच बोल, मी शेजारी उभा राहतो.

रविवारी सव्वाआठला परीक्षक सड्यावर आले. टोपी, पाठीला सॅक, स्वतःचा काटा. फार सभ्य माणूस. इतका सभ्य की त्यांच्यावर चिडायला सोय नव्हती. त्यांनी टिटवी काट्यावर ठेवली, बाराशे शहाण्णव आली, त्यांनी मान हलवली. म्हणजे मी गप्प बसले असते तर चाललं असतं. हे मला त्या क्षणी कळलं, सानवीलाही कळलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हुकाच्या पिनकडे बघत होती.

मी सांगितलं. मामाचे थर, सोळाशे नव्वद, वरचं बघून लिहिलेला आकडा, सगळं. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण तो उलट फारच मोठा निघाला. अक्षयाताईने टेम्पोतून वाकून बघितलं.

परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. "प्रामाणिकपणे सांगितलंत, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण मग ती चार उड्डाणं मला धरता येणार नाहीत. मधली वजनं नसतील तर हे तेच अंग आहे असं मी कशाच्या आधारावर लिहू?"

भाटकर सर काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात सानवी मध्येच म्हणाली, "पाच उड्डाणं वेगवेगळ्या दिवशी करायची असं नियमात कुठे आहे?"

परीक्षकांनी नियमांचा कागद काढला, दोन्ही बाजूंनी वाचला. असं कुठेच नव्हतं. मग घड्याळ बघितलं. त्यांना मंडणगडला दुसरी शाळा बघायची होती, तिकडची मुलं तीन वाजता तयार राहणार होती. "अकराला मला निघावं लागेल. तोपर्यंत जेवढी होतील तेवढी."

पावणेतीन तासांत पाच. चार महिन्यांत आम्ही चार केली होती.

पहिलं मी कधी विसरणार नाही. ड्रोन वर गेला, बारीक झाला, अक्षयाताईने कळ दाबली. टिटवी सुटली, नाक जरासं खाली धरून, आणि सरळ रेषेत आली. कुठेही घाई नाही. पोटाचं दार उघडलं, मिटलं. जमिनीजवळ आल्यावर पट्टी हळूच हलली, नाक एवढंसं वर झालं आणि ती पिचवर पोटाने घसरत गेली, खरीखुरी टिटवी पळते तशी. एकोणचाळीस मोड शाबूत. मी सानवीला मिठी मारली. ती म्हणाली, सोड, बॅटरी बदलायची आहे.

मग नुसती धावपळ. उचल, आण, पोट तपास, काटा, आकडा, परीक्षकांची सही, बॅटरी, नवे दाणे, हूक, वर. दुसरं सव्वानऊला. तिसरं नऊ पन्नासला. प्रत्येक वेळी बाराशे शहाण्णव, प्रत्येक वेळी नीट. मामा यष्ट्यांच्या मागे उभा राहून लोकांना सांगत होता, म्हणजे वाडीतली पाचसहा मुलं जमली होती त्यांना, की नाक खाली ठेवायचं असतं, वर नाय, वर गेलं की कोण धरत नाय.

चौथं दहा पंचवीसला सुटलं. तोवर समुद्राकडचा वारा उठला होता. टिटवी पिचच्या दीड मीटर बाहेर उतरली, जिथे मातीतून काळा कातळ वर आलाय. घसरतानाचा आवाजच सांगून गेला. उड्डाण धरलं गेलं, सदतीस मोड शाबूत, परीक्षकांनी सही केली. पण पोटाला चार बोटं चीर होती आणि तशी ती वर गेली असती तर पंखच निखळले असते.

दहा चाळीस.

मामाने पिशवीतून फायबर चिकटवायच्या रेझिनचा डबा काढला. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो म्हणाला, "किती देतेस?"

"सहा ग्रॅम आहेत सगळे मिळून. पाच वापर."

"पाच ग्रॅमात टिकली पण चिकटत नाय." तरी त्याने फायबरचा तुकडा एवढासा कापला, काट्यावर ठेवला, अजून कापला. रेझिन तो नेहमी ब्रशने थापतो. त्या दिवशी त्याने आगपेटीच्या काडीने लावलं. एवढे मोठे हात आणि काडी. कपाळावरचा घाम पडून वजन वाढेल म्हणून मागे सरकून पुसला. हे त्याने गंमत म्हणून केलं नाही.

"किती वेळ?" सानवीने विचारलं.

"उन्हात धरली तर पंचवीस मिनिटं. त्याच्या आत हात लावशील तर सगळं सुटेल."

आम्ही दोघींनी टिटवी उलटी करून उन्हाकडे धरली. परीक्षक गाडीपाशी उभे होते. अकरा वाजले. मी बोटाने न शिवता वाकून बघितलं, रेझिन अजून चिकट दिसत होतं. अकरा पाच. मी टिटवी सानवीकडे दिली आणि धावत गेले.

"दहा मिनिटं सर. फक्त दहा."

"मी पाच मिनिटं जास्त थांबलोय आधीच, बाळ."

"पण चार झाली. चारही नीट झाली. पाचवं होणारच आहे, तुम्ही बघितलंत ती कशी उतरते."

"बघितलं ना. फार सुंदर उतरते." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पण तिकडचीपण मुलं तीनला उन्हात उभी असतील. तुमच्यासारखीच."

त्यांनी चूक केली असती तर मी भांडले असते. भांडता मला येतं. ते बरोबर होते, आम्हीपण आता बरोबर होतो, आणि तरी गाडी सडा उतरून गेली. मी एका दगडाला लाथ मारली. दगड कातळातच रुजलेला निघाला. अंगठा धरून मी खाली बसले आणि तेव्हा मात्र रडले. रागाने रडले. तीन वेळा काट्यावर ठेवायला मला काय झालं होतं? अर्धं मिनिट लागतं. दुसऱ्याच वेळी ठेवली असती तर मामा थांबला असता, सानवी भांडली नसती, आणि आज नुसतं एक उड्डाण करून आम्ही मोकळ्या असतो.

सानवी समोर येऊन उभी राहिली. "झालं? दाराची उघडझाप तपासायची आहे. मला एकटीला नाही जमत."

"कशाला आता?"

"पाच करायची होती ना?" ती म्हणाली. "मग चला."

मासळीचा काटा मामाने आणला होता, त्यावर ठेवली. तेराशे एक. मी वहीत लिहिलं. अकरा पंचवीसला टिटवी सुटली. वारा आता चांगलाच होता. ती डावीकडे ढकलली गेली, सानवी दात दाबून काहीतरी पुटपुटली, पट्टी हलली, टिटवी वळली. पिचच्या या टोकाला टेकली आणि घसरत पार त्या टोकाला जाऊन थांबली. मी पोट बघितलं. मामाचा एवढासा तुकडा जागच्या जागी होता. छत्तीस मोड.

वाडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या नको होत्या. मला ती गाडी परत यायला हवी होती.

भाटकर सरांनी सवयीने पेन काढलं. मी वही मागे घेतली. "नको सर. ती जागा त्यांची आहे." उड्डाण पाचवे, वजन १३०१, वेळ ११.२५, शाबूत मोड ३६. सहीचा रकाना मी मोकळा ठेवला. ही वही अशीच पाठवायची, असं आम्ही ठरवलं. त्याचं काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मामा सोडून कुणी उगाच आशा लावत नव्हतं.

अक्षयाताईने हाक मारली. दोनला तिला एका बागेत फवारणीला पोचायचं होतं, पण एक बॅटरी भरलेली उरली होती. मी सानवीकडे बघितलं. ती आधीच पेटीत नवे दाणे भरत होती. माझा अंगठा ठणकत होता, राग तसाच होता. मी टिटवी उचलली आणि काट्यावर ठेवली.